चालते व्हा

६ मे, बुधवार

आई मावशीकडे अडकलीय. मावशीच्या सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि साथीमुळे सगळे रस्ते बंद झाले. इकडे बाबा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि चौथ्या दिवशी घरी पाठवून दिलं, कारण दवाखान्याला खाटा रिकाम्या हव्या होत्या. आईने मला फोन केला, तू जा. मी म्हटलं, मला चालती हो म्हणालेत ते. आई म्हणाली, तेव्हा ते स्वतः चालत होते, आता नाहीत, जा.

म्हणून आलेय. पास काढून, तोंडाला फडकं बांधून, दोन वर्षांनी.

आज डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. रोज थोडं थोडं वाढवत चालले तर सहा आठवड्यांत नीट चालतील. पडून राहिले तर हाड जुळेल, माणूस उठायचा नाही. मग छाती भरेल, पाठीला जखमा होतील, आणि तो पलंग हाच कायमचा पत्ता. तपासणी १७ जूनला. तोवर जिने उतरण्याइतकं व्हायला हवं. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही.

बाबा आज वॉकर धरून अकरा पावलं चालले. मग म्हणाले, झालं. मला नाही, वॉकरला.

८ मे, शुक्रवार

तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांचा पलंग, मध्ये स्वयंपाकघर, आत मी आणि माझं टेबल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही, मी काय कमी आहे. बाबा आईला फोन करून सांगतात की चहा गोड झालाय. आई मला फोन करून सांगते की चहा गोड झालाय. मी आईला सांगते की त्यांना सांग, साखर चमच्याने घातलीय, फावड्याने नाही. आज आई वैतागली. म्हणाली, भिंतीला कान असतात म्हणतात, तुम्ही तिला तोंड द्या आता, मला नातवाचे लंगोट वाळत घालायचेत.

भांडण कशावरून झालं ते एकदा लिहूनच टाकते. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या, खुर्चीत बसून, तांबड्या पेनाने. मी नोकरी सोडली आणि कथा लिहिली. एका छोट्या मासिकात आली. तिच्यात मी मुद्दाम कुठेच स्वल्पविराम दिला नव्हता, वाक्यं एकात एक घुसवली होती. बाबांना अंक दिला आणि विचारलं, कशी वाटली. त्यांनी तांबड्या खुणांनी रंगवून परत दिला. म्हणाले, "एकसष्ट चुका."

मी म्हटलं, तुम्हाला आयुष्यात दुसऱ्याच्या चुका मोजण्यापलीकडे काही आलं नाही.

ते म्हणाले, "चालती हो."

झाले.

१० मे, रविवार

माझं सध्याचं काम. घरात कोंडलेल्या लोकांनी घरातल्या घरात चालावं म्हणून आमच्या ऑफिसने ॲप काढलंय. फोन खिशात ठेवायचा, तो पावलं मोजतो, बसून राहिलात की मेसेज टाकतो. मेसेज मराठीत लिहायचं काम माझं. ऑफिसात कुणालाच मराठी धड वाचता येत नाही, बॉसबाईंना तर अजिबात नाही. म्हणजे मी राणी.

बराच वेळ बसलेल्या माणसाला उठवायचा मेसेज मी लिहिलाय: चालते व्हा!

खोटं कशाला बोलू, मुद्दाम लिहिलं. मला एकीला हे शब्द ऐकावे लागले, आता चारशे घरांत ऐकू देत. रोज. सकाळ-दुपार-संध्याकाळ.

११ मे, सोमवार

आईने काल बाबांना फोनवरून शिकवून शिकवून तेच ॲप त्यांच्या फोनवर घ्यायला लावलं. डॉक्टरांनी दिलंय म्हणाली. मला बजावलं की तुझं नाव काढू नकोस, नाहीतर पायाची घडी घालून बसतील. बाबांची पावलं आता रोज आईच्या फोनवर दिसतात.

दुपारी बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दार उघडं होतं, मला बाबांची पाठ दिसत होती. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, काढला, पुसला, परत लावला. 

मग ठक. घस्स. ठक. घस्स.

एकतीस पावलं. रागाने चालली असणार. राग कसला का असेना, पाय त्यांचेच हलले.

१४ मे, गुरुवार

ॲपमध्ये खाली एक बटण आहे, 'काही सांगायचंय?' लोक लिहितात, ते माझ्याकडे येतं. नाव येत नाही, नुसता नंबर. आज चारशे सतरा नंबरचं आलं:

'चालते व्हा' हा वाक्प्रचार माणसाला हाकलण्यासाठी वापरतात. लिहिणाऱ्यास हे माहीत नसेल तर वाईट. माहीत असेल तर त्याहून वाईट.

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. कुणी निवृत्त मास्तर असणार. कानाला मफलर, खिशाला दोन पेनं, घरात बायको टरकून. बॉसबाईंनी विचारलं, तक्रार काय आहे. मी सांगितलं की शब्दांचा खेळ आहे, मराठी लोकांना शिवी दिली की प्रेम वाटतं. त्यांनी आकडे बघितले. त्या मेसेजनंतर लोक खरंच जास्त उठतात. म्हणाल्या, मग असू दे.

हरला चारशे सतरा.

१७ मे, रविवार

वाईट दिवस.

बाबा सकाळी पलंगापासून दारापर्यंत गेले. चौदा पावलं. परत आले. असं तीनदा. मी कांदा चिरता चिरता मोजत होते. त्यांनी खिशातून फोन काढून बघितला. ॲप म्हणालं, सहा.

कारण ते पाय उचलत नाहीत, घासतात. ॲपला पाय उचललेला लागतो, झटका लागतो. वॉकरवाल्याचं घासलेलं पाउल त्याच्या हिशेबी पाउलच नाही.

बाबांनी फोन पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

१९ मे, मंगळवार

उठले नाहीत. कालही नाही. आईने फोनवरून गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी म्हणाली की मी येईन तेव्हा मला दार कोण उघडणार. ते म्हणाले, तुझी लेक आहे ना तिथे. आईने मला हे तीनदा सांगितलं. तुझी लेक म्हणाले, बघ. मी म्हटलं, त्यात काय बघायचं, दार उघडण्यापुरती आहे.

मी जाऊन काय बोलणार? चाला म्हणू? मी? दोनदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि पाण्याचा तांब्या भरून परत आले. तांब्या भरलेलाच होता.

संध्याकाळी चारशे सतरा:

घासत टाकलेले पाऊल हेही पाऊलच असते. आपण ते मोजत नसाल तर मोजणी चुकीची आहे, पाय नव्हे. ता. क. आपल्या मेसेजमध्ये 'पाउल' असे छापले आहे. 'पाऊल' हवे, दीर्घ. ही चूक मी पूर्वीही पाहिली आहे.

पाहिली असेल की. निम्मी दुनिया ती चूक करते. पण पहिलं वाक्य मी चार वेळा वाचलं. मास्तर म्हातारा आहे, त्याचाही पाय घासतो, आणि त्याने ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. राग आला.

२१ मे, गुरुवार

ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर. मी मध्येच तोंड घातलं आणि चारशे सतराचं वाक्य वाचून दाखवलं, त्यांच्या भाषेत. पावलं मोजायचं गणित बसवतो तो पोरगेला माणूस, आम्ही त्याला गणितवाला म्हणतो. तो म्हणाला, एवढं ढिलं केलं तर कुणी बसल्या बसल्या फोन हलवेल आणि तोही मोजला जाईल. मी म्हटलं, हलवू दे. शंभर लबाड मोजले गेले तरी चालतील, एक खरा सुटता कामा नये. तो म्हणाला, असं गणित नसतं.

तेवढ्यात बाहेर ठक. घस्स.

तीन दिवसांनी बाबा उठले होते. न्हाणीघराकडे निघाले होते, दुसरं काही नाही. मी लॅपटॉप उचलला, दाराकडे वळवला आणि गणितवाल्याला म्हटलं, "आता मोज."

बाबांची पाठ दिसत होती, सदरा एका बाजूला खाली ओघळलेला. एका पावलाला सहा सेकंद. गणितवाला मोजत होता, ओठ हलत होते. नऊ झाली, बाबा आत गेले, कडी लागली.

मी म्हटलं, आपलं ॲप ह्याची दोन मोजतं. हा माझा बाप आहे आणि माझं त्याच्याशी पटत नाही, पण त्याची सात पावलं कुणी ढापायची नाहीत.

गणितवाला म्हणाला, चार दिवस दे.

२६ मे, मंगळवार

नवीन मोजणी सुरू. बाबांची एकशे चाळीस. आईने फोनवर एवढ्या जोराने सांगितलं की बाळ जागं झालं.

चारशे सतरा: मोजणी सुधारली. आमच्या व्यवसायात आभार मानण्याची पद्धत नव्हती.

काय पण ऐट.

३० मे, शनिवार

लॅपटॉपवर आजचा तक्ता उघडला होता. चारशे सतरा, दोनशे त्रेसष्ट पावलं. फोन कानाला होता आणि आई पलीकडून म्हणत होती, आज दोनशे त्रेसष्ट हं.

मी म्हटलं, हो, दिसतंय. आई म्हणाली, तुला कुठे दिसतंय?

मग मी मागचे सगळे दिवस काढले. सहा. तीन दिवस शून्य. एकशे चाळीस. सगळ्या खान्यांत बाबा.

कुठला मास्तर, कुठला मफलर. 'ही चूक मी पूर्वीही पाहिली आहे.' पाहणारच. पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या प्रत्येक वहीत ती तांबडी झाली होती. म्हणजे एकोणीस तारखेपासून, कदाचित पहिल्याच मेसेजपासून त्यांना ठाऊक आहे की पलीकडे कोण आहे. मी इथे गुप्त राणी होऊन बसले होते आणि तिकडे माझी वही तपासणं चालू होतं.

३१ मे

पाउल. पाउल. पाउल. पाउल.

२ जून, मंगळवार

ॲपच्या चाचणीसाठी म्हणून एकाच नंबरला वेगळा मेसेज टाकायची सोय माझ्याकडे आहे. चारशे सतराला सकाळी पाठवला: बसलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या चुका जास्त दिसतात.

तिकडून उत्तर: वाक्य निर्दोष आहे. उठलो.

आणि खरंच ठक, घस्स. दोन खोल्या पलीकडे. मी दार लोटून घेतलं, मला हसू येत होतं ते दिसायला नको.

४ जून, गुरुवार

रोज एक पाठवते, रोज एक उत्तर येतं. मध्ये पंचवीस फूट अंतर आणि तोंडाने अजून एक शब्द नाही. आज मी जरा पुढेच गेले. लिहिलं: आजचं लक्ष्य एकसष्ट फेऱ्या. एकसष्ट हा आकडा आपल्याला आवडतो असं कळतं.

फेऱ्या एकसष्ट झाल्या नाहीत, अठरा झाल्या. उत्तर सकाळपासून दुपारपर्यंत आलं नाही. वाटलं, लागलं असेल. लागू दे. मग वाटलं, पण पडून राहिले तर? पायावर राग काढला तर? जेवायला ताट ठेवून आले, त्यांनी वर बघितलं नाही.

चार वाजता आलं:

एकसष्ट नव्हत्या. अलीकडे पुन्हा वाचले. चाळीसेक मुद्दाम केलेल्या दिसतात. त्या वेळी कळले नाही. एकवीस मात्र खऱ्या आहेत.

अलीकडे पुन्हा वाचले म्हणजे मी टाकून गेलेला तो अंक अजून ह्या घरात आहे. कुठे ठेवलाय? मी पलंगाखाली बघणार नाही. एवढी पडलेली नाही मला.

५ जून

उशीखाली. चादर बदलताना दिसला, शोधला नाही.

९ जून, मंगळवार

व्यायामवाल्या बाई फोनवर बघत होत्या, त्यांनी सांगितलं की आज वॉकर सोडून भिंतीच्या आधाराने जाऊन पाहा. बाबा चार पावलं गेले. पाचव्याला गुडघा वाकला. मी कुठून धावले मला आठवत नाही, पण त्यांची काख माझ्या खांद्यावर होती आणि आम्ही दोघंही जमिनीवर बसलो होतो. पडलो नाही, बसलो. फरक आहे. दोघांच्याही श्वासाचा आवाज येत होता. एवढ्या जवळून मी त्यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं, कानावर केस आलेत.

काय बोलायचं, आधी कुणी बोलायचं, असा तो मामला.

आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. मोठ्या अक्षरांत: चालते व्हा!

बाबांच्या तोंडून आवाज निघाला. खोकला असेल. माझ्याही तोंडून निघाला, मला तर खोकला नव्हता.

१२ जून, शुक्रवार

रस्ते उघडताहेत. आई अठराला येतेय. मलाही परतीचा पास मिळालाय, सतराचा. तपासणीही सतरालाच. बाबांना दवाखान्यात न्यायचं, परत आणून पोचवायचं, आणि तसंच खालच्या खाली निघायचं.

आई म्हणाली, एक दिवस थांब की गं, मी येतेय. मी म्हटलं, कुणी थांब म्हटलंय का? आई म्हणाली, मी म्हणतेय. मी म्हटलं, तू नाही म्हणाली होतीस चालती हो. ज्याने म्हटलं त्याने परत घ्यावं. आई म्हणाली, दोघंही एकाच मातीचे, भाजून काढलेले.

एकदा हाकललेल्या माणसाने दुसऱ्यांदा हाकललं जायची वाट बघू नये. बॅग भरायला घेतली. तीन कपडे, लॅपटॉप, ही वही. भरायला दहा मिनिटं लागतात. मी दोन दिवस भरतेय.

१७ जून, बुधवार

दवाखान्याची गाडी आली. दोन माणसं पांढऱ्या झग्यांत वर आली, खुर्ची घेऊन. बसा आजोबा, उचलून नेतो. बाबा म्हणाले, "मी सामान नाही."

माणसं म्हणाली, चार मजले आहेत. बाबा म्हणाले, मला मोजता येतं.

एक हात कठड्यावर, एका हातात काठी. आधी काठी, मग दुखरा पाय, मग दुसरा. मी एक पायरी पुढे, उलटी, त्यांच्याकडे तोंड करून. खांद्याला बॅग. तिसऱ्या मजल्यापर्यंत सतरा मिनिटं लागली. झग्यातला एक जण खाली जाऊन परत वर आला, मग त्याने खुर्ची भिंतीला टेकवली आणि स्वतःच तिच्यावर बसला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले. मास्क आत-बाहेर होत होता. त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं.

"बॅग कशाला?"

बेचाळीस दिवसांतलं पहिलं वाक्य, तेही बॅगेबद्दल. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना. चालती हो."

ते काठीच्या टोकाकडे बघत राहिले. म्हणाले, "ती चूक होती. माझ्या नजरेतून सुटली. छापून गेली."

"मग?"

"छापून गेलेलं खोडता येत नाही. शुद्धिपत्र जोडतात."

"मग जोडा."

"महिनाभर काय करतोय मी?" बाबा म्हणाले. "त्या बटणावर बोट ठेवून ठेवून बोटाला घट्टा पडायची वेळ आली."

मी मास्क नीट केला. नीटच होता. त्यांनी काठी उचलून वर दाखवली.

"बॅग ठेवून ये. मी थांबतो."

मी म्हटलं, तुम्हाला इतका वेळ उभं राहवणार नाही. ते म्हणाले, ते माझं मी बघतो, तू पळ, टिंब. लहानपणी अक्षरावरच्या अनुस्वारासारखी त्यांच्या मानेवर बसायची, म्हणून टिंब. हे नाव मी विसरले होते. खोटं. विसरले नव्हते.

पळाले. दोन-दोन पायऱ्या. कुलूप उघडलं, बॅग आत फेकली, कुलूप लावलं. परत आले तेव्हा ते वळणावर नव्हते.

मग खालून ऐकू आलं. ठक. घस्स. एकटे, सहा पायऱ्या खाली गेले होते. मागे झग्यातला माणूस दोन्ही हात पसरून, पण न शिवता. मला बघून म्हणाले, उशीर केलास.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाड बघितलं, चालवून बघितलं. वॉकर बंद. काठी पुरे. विचारलं, एवढं कसं जमवलंत. बाबा म्हणाले, रोज घरातून हाकलत होते.

१८ जून, गुरुवार

आई आली. दार बाबांनी उघडलं. ती उंबऱ्यातच उभी राहून रडली आणि रडता रडता म्हणाली, चपला कुठे काढू, इथे केवढा पसारा. माझ्या पासाची तारीख उलटून गेलीय, आई बघेल म्हणून तो डब्याखाली सरकवलाय.

बॉसबाईंचा निरोप आला. वरच्यांना मराठी कळणारं कुणीतरी भेटलंय, 'चालते व्हा' काढून काहीतरी सभ्य टाक म्हणतात. मी कळवलं की एक अक्षर हलणार नाही. हवं तर चारशे सतराला विचारा, त्याने तक्रार केली होती. त्यांनी खरंच विचारलं. चारशे सतराने कळवलंय: तक्रार मागे घेत आहे. शब्द राहू द्यावा. मात्र उद्गारचिन्ह एकच असू द्यावे, लिहिणारीला जास्त देण्याची खोड आहे.

ही वही मी आज मिटणार नाहीये. टेबलावर उघडी ठेवतेय, शेजारी तांबडं पेन. बाबांच्या पलंगापासून माझं टेबल तेहतीस पावलं आहे, मी मोजलीत, आणि हे पाऊल दीर्घ आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ह्या पानावर त्यांना एकवीस सापडतील, तेवीस सापडतील, सापडू देत, मी वाद घालीन. पण शेवटच्या वाक्याला पूर्णविराम देत नाहीये, मुद्दाम नाही देत, ज्याला तो तिथे हवाय त्याने उठावं, काठी घ्यावी आणि यावं चालत